आधी धुरांडं, मग चुलीवरची भाकरी

विरार स्टेशनवरून आगाशीमार्गे अर्नाळ्याला जाणाऱ्या रस्त्यावर आणि पुढे राजोडी-नवापूरच्या किनाऱ्यापर्यंत 'चुलीवरचं' हा शब्द आता पाटीपाटीवर दिसतो. चुलीवरचं मटण, चुलीवरची भाकरी, चुलीवरची मिसळ. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या येतात, माणसं पोटभर जेवतात, गावातल्या पोरांना काम मिळतं. हे चांगलंच आहे. पण यातल्या कितीतरी ठिकाणी चूल दर्शनी भागात मांडलेली असते, वर पत्र्याचं छप्पर असतं आणि चुलीपुढे एक बाई बसलेली असते. ती भाकरी थापते, पदराने डोळे पुसते, पुन्हा थापते. धुराला बाहेर जायला वाटच ठेवलेली नसते. तो आधी तिच्या तोंडावर येतो, मग पत्र्याखाली साचतो. गिऱ्हाईक तिचा फोटो काढून जेवायला बसतं.

माझं म्हणणं सरळ आहे. चुलीच्या नावावर जेवण विकायचं असेल, तर त्या चुलीला धुरांडं असलंच पाहिजे. ते नसेल तर परवाना मिळता कामा नये. हे मी चुलीची वैरीण म्हणून सांगत नाही. याच हिवाळ्यात आमच्या वाडीतल्या खोलीत मी नवी चूल घालून घेतली, मैत्रिणींना आणि शेजाऱ्यांना बोलावलं, सगळ्यांनी मिळून रांधलं आणि रात्री उशिरापर्यंत आम्ही गप्पा मारत बसलो. चूल मला प्रिय आहे, म्हणूनच तिच्यापुढे खोकणारी बाई मला बघवत नाही.

माझ्या सासूबाईंनी आयुष्यात कधी तंबाखूला हात लावला नाही. तरी शेवटची काही वर्षं त्या उशा रचून, बसल्या बसल्याच झोपायच्या. आडवं पडलं की दम लागायचा. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला होता, "आजी, विडी किती वर्षं ओढलीत?" कधीच नाही म्हटल्यावर त्यांनी लगेच दुसरा विचारला, "मग चुलीवर किती वर्षं रांधलंत?" लग्न होऊन या घरात आल्यापासून ते गॅस येईपर्यंत. त्यांचं स्वयंपाकघर मी नवी सून म्हणून पाहिलंय. मागच्या पडवीत, एकच झरोका, काळेकुट्ट वासे. उन्हाळ्यात निभायचं. पावसाळ्यात मात्र सुकं असं काही उरायचंच नाही. झावळ्या, पोया, करवंट्या, सुरूच्या काटक्या, सगळ्यात ओल. सासूबाई फुंकणीने फुंकत राहायच्या, खोकायच्या, पुन्हा फुंकायच्या. दहा माणसांचं जेवण दोन वेळा त्या असं करायच्या आणि त्यावर घरात कुणी काही बोलत नसे. धुराने डोळे चुरचुरणं हा बायकांच्या कामाचाच भाग धरलेला होता.

बाहेरच्या जगातही फार वेगळं नव्हतं. प्रदूषण म्हटलं की गिरणीची चिमणी आणि मोटारीचा धूर डोळ्यांपुढे येई. कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत जाऊन, स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगावरच हवेचे नमुने घेणारी यंत्रं लावली आणि त्यांच्या नाकाशी किती धूर येतो ते मोजलं. तिथून हा विषय अभ्यासाचा झाला. जागतिक आरोग्य संघटनेचा एक अंदाज असा, की २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. त्यात पाच वर्षांखालची दोन लाखांहून अधिक मुलं होती. आईच्या मांडीवर, चुलीजवळच ती असतात.

मग तरीही चूल का, असं माझ्या मुलाने मला विचारलं. वाडीत सिलिंडर ठेव, काम झालं, म्हणाला. मी त्याला वाडीच्या कोपऱ्यात नेलं. नारळाच्या झावळ्या, त्यांचे जाडजूड देठ, पोया, सोडणं, करवंट्या, छाटलेल्या चिंचेच्या नि शिवणीच्या फांद्या. वर्षभर पडतच असतं. आमच्या भागात याचं बहुतेक जण काय करतात? संध्याकाळी वाडीच्या कडेला ढीग करून पेटवून देतात. आगाशी, वटार, नाळे, कुठेही हिवाळ्यात फिरा, हा धूर जमिनीलगत पसरलेला दिसेल. खरं तर उघड्यावर कचरा जाळायला २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांनी मनाई केली आणि त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने त्यासाठी ५,००० रुपयांचा दंडही सांगितला. ज्या जळणावर जेवण शिजलं असतं ते असं दमकोंडीचं कारण होतं, आणि वर शिजवायला आपण सिलिंडर विकत आणतो. पाला आणि केळीचे खुंट कुजवून वाडीलाच घालावेत, लाकडी भाग सुकवून चुलीत घालावा. एकही उभं झाड त्यासाठी तोडावं लागत नाही.

मुलाला ते पटलं, पण त्याने अट घातली की धूर खोलीत येता कामा नये. माझीही तीच अट होती.

चूल घालायला गावात माणूस मिळेना. ग्रॅनाइटचा ओटा हवा तर गवंडी उद्या येईल. धुरांड्याची चूल म्हटली की मान हलवतात. शेवटी तालुक्याच्या पूर्वपट्ट्यातले एक कुंभारदादा भेटले. तरुणपणी सरकारी योजनेत त्यांनी चुली घातल्या होत्या आणि हाताला ते माप अजून आठवत होतं. आमची खोली साधी आहे. विटांच्या भिंती, मंगळुरी कौलं, अवजारं ठेवायची आणि दुपारी पाठ टेकायची जागा. आधी आम्ही कमरेइतका उंच ओटा बांधला, कारण माझ्या वयाच्या बाईला उकिडवं बसून रांधणं जमत नाही आणि मुळात कुणालाच तसं बसायला लावू नये. त्यावर विटांची भट्टी, आतून माती, तूस आणि शेण यांचा जाड गिलावा. तुसामुळे उष्णता भिंतीत मुरत नाही, आत टिकते. मध्ये लोखंडी जाळी, म्हणजे राख खाली पडते आणि हवा खालून जाळाला मिळते. पुढे मोठं तोंड, मागे वैल. पुढच्या भांड्याखालून निघालेली आच वैलावरच्या भांड्याखाली जाते आणि मग धुरांड्यात. पुढे भात होतो तोवर मागे आमटी उकळते.

हे सगळं का करायचं ते कळायला लाकूड कसं जळतं ते समजून घेतलं पाहिजे. लाकूड तापलं की त्याच्या वजनाचा बराचसा भाग, साधारण तीन चतुर्थांश, वायू होऊन बाहेर पडतो. त्याला पुरेशी उष्णता आणि हवा मिळाली तर त्याची ज्वाळा होते, नाही मिळाली तर धूर होतो. धूर म्हणजे जळायचं राहून गेलेलं जळण. ओलं लाकूड असेल तर आगीचा काही भाग पाणी आटवण्यातच जातो, भट्टी थंड राहते आणि धूर वाढतो. म्हणून खोलीच्या माळ्यावर आता मी पावसाळ्यापुरतं जळण मे महिन्यातच भरून ठेवणार आहे. इंग्लंडमध्ये २०२१ पासून २० टक्क्यांहून जास्त ओल असलेलं लाकूड थोड्या प्रमाणात जाळण्यासाठी विकायलाच बंदी आहे. आमच्या सासूबाईंना ही गोष्ट कुठल्याही कायद्याशिवाय माहीत होती. फक्त सुकं जळण ठेवायला त्यांना जागा कुणी दिली नाही.

धुरांड्यावरून कुंभारदादांचा आणि माझा थोडा वाद झाला. "काकी, एवढा उंच पाइप कशाला? कौलाच्या वर हातभर आला की पुरे," ते म्हणाले. मी ऐकलं नाही. पाइप छपराच्या माथ्यापेक्षा दोन फूट तरी वर हवा, नाहीतर समुद्रावरून येणारा वारा छपरावर आपटून धूर पुन्हा खाली ढकलतो. अर्नाळा इथून जवळ, वारा कायमचा. वर टोपी हवी, म्हणजे पाऊसही आत येत नाही. पूर्वी अशा चुलींना सिमेंटचे पाइप लावत, त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असे. तो नको म्हणून मी जिस्ती पत्र्याचा घेतला. जिथे तो कौलातून बाहेर पडतो तिथे वासा जवळ येऊ दिला नाही, भोवती पत्र्याची चौकट बसवली. तापलेला पाइप आणि सुकं लाकूड शेजारी ठेवणं म्हणजे आगीला बोलावणं. खालच्या वळणावर एक झाकण ठेवलंय. महिन्यातून एकदा ते उघडायचं, सोडणाचा बोळा दोरीला बांधून वरून खाली ओढायचा, काजळी काढायची. खिडकी मात्र चूल पेटलेली असताना उघडीच ठेवायची, कारण जळणाऱ्या कोळशातून येणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

ओली चूल लगेच धगधगून पेटवली तर तडे जातात. म्हणून आधी काही दिवस नुसता मंद जाळ घातला. मग संक्रांतीच्या आधीच्या एका रविवारी सगळ्यांना बोलावलं.

पहिल्यांदा चुलीला हळदकुंकू लावलं, दूध उतू घातलं. मग खरी धांदल सुरू झाली. नंदाखालची माझी मैत्रीण तळलेल्या फुग्यांची टोपली घेऊन आली. अर्नाळ्याहून आमची कोळीण वहिनी ताजे बोंबील आणि कोलंबी घेऊन आली आणि आल्या आल्या तिने विळी मागून घेतली. आमच्या वाडवळांच्या घरी थंडीत उकडहंडी व्हायलाच हवी, ती मोठ्या मडक्यात मी रचली: वालपापडी, कोनफळ, रताळी, वांगी, वर हिरवं वाटण आणि ओवा. मडकं पुढच्या तोंडावर, वैलावर कोलंबीची आमटी. निखारे बाहेर ओढून त्यांवर पुरुषमंडळींनी भुजिंगासाठी कोंबडी भाजायला घेतली. आगाशीचं भुजिंग आता मुंबईतसुद्धा नावाजलंय. कोळशावर भाजलेली कोंबडी, मसाला आणि पोहे, ताडीबरोबर खायचा पदार्थ म्हणून तो इथल्या गावड कुटुंबाने गेल्या शतकात सुरू केला. विस्तवावर भाजण्याची चव या गावाला कुणी शिकवायला नको. शेवटी आमच्याच वाडीतल्या राजेळी केळ्यांची सुकेळी सगळ्यांच्या हातावर ठेवली. ती उन्हात सुकवलेली असतात, चुलीचा त्यांच्याशी संबंध नाही, पण आगाशीच्या जेवणात ती नसली तर जेवण पुरं झाल्यासारखं वाटत नाही.

त्या रात्रीची मला सर्वात महत्त्वाची वाटलेली गोष्ट जेवण नव्हतं. आमच्यातल्या एका मैत्रिणीला दमा आहे. गावात कुठेही चूल पेटली की ती उठून जाते, लग्नाच्या मांडवातही ती जेवण शिजतं त्या बाजूला फिरकत नाही. ती त्या रात्री खोलीत, चुलीपासून चार पावलांवर, शेवटपर्यंत बसली. तिने स्वतः भाकऱ्या भाजल्या. "किती वर्षांनी आच लागली हाताला," ती म्हणाली. एवढ्यासाठीच मी ही सगळी खटपट केली होती. चूल पेटते तिथे ज्या बायांनी तिच्यावर आयुष्य काढलं त्यांनाच बसता येऊ नये, यासारखा अन्याय नाही.

माझा भाचा नॉर्वेत असतो. गेल्या वर्षी त्याने गावाबाहेर मित्रांसोबत एक लाकडी खोली घेतली, तिच्यात ओतीव लोखंडाची शेगडी बसवली आणि बर्फात बसून सगळ्यांनी वरणभात केला. फोनवर बोलताना मी त्याला पहिली गोष्ट विचारली ती धुरांड्याची. तिकडे १९९८ पासून नवी शेगडी कमी धूर सोडणारी असेल तरच विकता येते, आणि धुरांडं तपासायला व झाडायला नगरपालिकेचा माणूस येतो, असं तो म्हणाला. तिथे लाकडाची शेगडी म्हणजे हौस, तरी तिचा धूर ही सार्वजनिक जबाबदारी. आपल्याकडे चूल करोडो घरांची गरज होती आणि आजही आहे.

आपल्याकडे प्रयत्न झालेच नाहीत असं मात्र नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४७ च्या सुमारास मगनचूल झाली. हैदराबादला एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये धूररहित स्वयंपाकघराचा आराखडा छापला. १९८३-८४ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, तो २००२ पर्यंत चालला आणि त्यात साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसल्याची नोंद झाली. पण कुंभारदादा सांगतात ते ऐकण्यासारखं आहे. "आम्ही दिवसाला अमुक चुली घालायच्या, कागदावर अंगठा घ्यायचा, पुढच्या गावाला जायचं. पाइप तुंबला का, कुणी बघायचं नाही." ओडिशात हना, डुफ्लो आणि ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी सुधारित चुलींचा काही वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा हेच दिसलं. पहिल्या वर्षी धूर कमी झाला, नंतर देखभाल झाली नाही, वापर कमी झाला आणि फायदा संपला. चूल वाईट होती असं त्यातून सिद्ध होत नाही. तुंबलेलं धुरांडं झाडायला कुणी आलं नाही, एवढंच सिद्ध होतं. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या 'आरती' या संस्थेने गावच्या कुंभारांना चुली घडवायला शिकवलं. माझ्या मते तोच मार्ग बरोबर होता: गावात माणूस राहतो, चूल बिघडली की त्यालाच हाक मारता येते.

गॅसबद्दल माझ्या मनात किंतु नाही. चहाला, रोजच्या कुकरला माझ्याही घरी गॅसच आहे. चांगल्यातली चांगली चूलसुद्धा त्याच्याइतकी स्वच्छ जळत नाही, आणि धुरांड्यातून गेलेला धूर कुठेतरी बाहेरच जातो, हे मला माहीत आहे. चाळीत, दाटीवाटीच्या वस्तीत मी चूल घाला म्हणणार नाही. पण २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली, ७ सप्टेंबर २०१९ ला औरंगाबादला आठ कोटीवी जोडणी देण्यात आली, आणि तरीही आमच्याच पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्यांवर बाया डोक्यावर मोळ्या आणताना दिसतात. जोडणी एकदाच मिळते, सिलिंडर पुन्हा पुन्हा भरावा लागतो, आणि रोजंदारीच्या घरात त्याचे पैसे एकगठ्ठा निघत नाहीत. तिथल्या बाईला गॅस परवडेपर्यंत धूर गिळत बस, असं सांगायचा अधिकार कुणालाच नाही. तिची चूल आज धुरांड्याची करा, गॅसचे पैसेही द्या. दोन्ही एका वेळी करता येतं.

म्हणून महापालिकेकडे, जिल्हा परिषदेकडे आणि हॉटेलवाल्यांकडे माझी मागणी आहे. खाद्यपदार्थांची तपासणी करणारा अधिकारी पाणी बघतो, टोप्या बघतो, उंदीर बघतो. त्याने चुलीवरचं धुरांडंही बघावं. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत गवंडीकाम शिकणाऱ्या मुलांना चूल आणि धुरांडं बांधायला शिकवावं, वाडीवाडीतून त्यांना काम मिळेल. आणि हॉटेलवाल्या भावांनो, पत्र्याचा पाइप, टोपी आणि गवंड्याची मजुरी याला लागणारा पैसा तुम्ही एका गर्दीच्या रविवारी कमावता. तुमची पाटी ज्या बाईच्या हातावर चालते, तिच्यासाठी तो खर्च करा. ओटाही तिच्या कमरेइतका उंच करा. गिऱ्हाइकांनीही जेवणाचं बिल देताना 'धूर कुठे जातो?' एवढं विचारावं. आम्ही मैत्रिणींनी ते विचारायला सुरुवात केली आहे. एका मालकाने ऐकून घेतलं आणि होळीनंतर काम काढतो म्हणाला. मी होळीनंतर बघायला जाणार आहे.

नंदाखालच्या मैत्रिणीला तिच्या मागच्या अंगणात अशीच चूल हवी आहे. तिचं घर आमच्यापेक्षा उंच, शेजारी चिंच, त्यामुळे पाइप कुठून काढायचा ते कुंभारदादांनी एकदा येऊन पाहायचं ठरलंय. माती आणि तूस माझ्याकडे उरलंय ते तिला देणार. पाऊस लागायच्या आत तिचा ओटा सुकायला हवा.